राखून ठेवलेला मणी

मुलगा जहाजाचा तळ खरवडायला हवेची नळी लावून पाण्याखाली उतरला की आई धक्क्यावर बसून रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हणायची. शुक्रवारी दुःखाची रहस्यं, येशूच्या यातनांचे पाच प्रसंग. येशू क्रूस खांद्यावर घेऊन निघतो, त्या चौथ्या रहस्यापर्यंत मुलगा वर यायचाच. पाचव्यात येशू आईदेखत क्रुसावर मरतो. ते ती मुलाला शेजारी बसवूनच म्हणायची. आज तो वर आला नव्हता, तरी पाचवंही संपत आलं. "त्याच्या कमरेच्या दोरीला तीनदा हिसका दिला, उत्तर नाही," नवरा म्हणाला. "थांबलीस का? संपव की." "एकच मणी उरलाय. तो संपला आणि पोर नाही आलं, तर?" तिने मणी चिमटीत आवळून धरला. बोटं बधिर झाली. मग दोरी हलली. निळ्या ओठांचा मुलगा पायरीवर कोसळला. "पाय नि दोरी साखळीत अडकले होते, आई, आत्ता सुटले. मीही खाली मनातल्या मनात रोझरी म्हणत होतो. शेवटचा मणी म्हणायचा धीर होईना." आईने चिमूट पुढे केली. "धर. मिळून म्हणू."