मऊ काड्या

"गुरुजींनी उद्या तुला बांबूच्या काड्या घेऊन शाळेत बोलावलंय," असं लेकीने सांगताच सगुणाने हातातली अर्धी टोपली खाली ठेवली. पोरीने काय दिवे लावले कोण जाणे. सगुणाच्या लहानपणी शाळेतल्या छड्या बुरूडआळीतूनच जायच्या. एक तर तिने स्वतः तासून नेली होती आणि त्या छडीचा पहिला मार तिलाच बसला होता. म्हणून तिने निवडून निवडून लवचीक, मऊ काड्या घेतल्या. लेकीला फार लागायला नको.

वर्गात गुरुजींनी एक काडी वाकवून पाहिली आणि खूश होऊन ते मुलांना म्हणाले, "आज वेणूची आई आपल्याला टोपली विणायला शिकवणार."

 पदर खोचून सगुणा खाली बसली आणि हात चालायला लागले तसं तोंडही चालायला लागलं. "बुडाला नऊ काड्या घ्या, नाहीतर अकरा. दहा घ्याल तर वीण फसेल." मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी एक पोर जागचं हललं नाही.

पोरांच्या रांगेत गुरुजीही मांडी घालून विणत होते. त्यांची वीण काही केल्या जमेना. सगुणाने टोपली उचलून काड्या मोजल्या. दहा.

"उसवा, गुरुजी," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून."