हेस्टरचा नियम

डोळ्यातून सुटलेल्या थेंबाला हनुवटीपर्यंत यायला साधारण सात सेकंद लागतात. गालावर पावडर असेल तर नऊ. हेस्टर मारवुडला हे नक्की ठाऊक होतं, कारण तिचा तसा एक थेंब सगळ्या देशाने पडद्यावर पाहिला होता. तेव्हा ती आठ वर्षांची होती. टेकच्या आधी दिग्दर्शकाने तिला कडेला नेऊन सांगितलं होतं की तिचं कुत्रं गाडीखाली आलं. कुत्रं घरी धडधाकट होतं.

पुढे तीस वर्षं तिने अभिनय केला. मालिका, नाटकं, दोन बक्षिसं. दुकानात बायका अजूनही थांबवून विचारत, "तू ती रडणारी मुलगी ना?" मग ती लिहू लागली, आणि लिहिलेलं स्वतःच दिग्दर्शित करू लागली. हा तिचा तिसरा सिनेमा. तिच्या सेटवर एकच नियम होता आणि तो रोजच्या वेळापत्रकावर सर्वात वर छापलेला असे: मुलांशी कोणीही खोटं बोलायचं नाही.

आज नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर तो नियम सगळ्यांना जड जात होता.

नऊ वर्षांची ब्रायनी टेल्फर धक्क्यावर उभी होती. कथेत तिच्या घरची होडी विकली जाते. ती दूर जाताना बघून ब्रायनीला रडायचं होतं. सहा टेक झाले. चेहरा गोड, डोळे कोरडे. कायद्याने तिला साडेचारनंतर कामाला ठेवता येत नव्हतं आणि होडी फक्त आजच्या दिवसापुरती मिळाली होती. हा प्रसंग मिळाला नाही तर सिनेमाला शेवटच नव्हता.

"डोळ्याखाली मेंथॉल लावू?" मेकअपवालीने विचारलं.

"नको. कॅमेऱ्याला कळतं ते."

मुख्य सहायक गॉर्डन लेडलॉ चहाचा मग घेऊन आला. "राणीसरकार, समुद्र थांबेल, सूर्य थांबणार नाही. सांग की पोरीला काहीतरी. एक छोटीशी थाप. माझ्या आईने मला जन्मभर मारल्या, मी मेलो का?"

"तू कधीच मेलास, गॉर्डन. तुला कोणी कळवलं नाही. चहा ठेव तिथे."

ब्रायनीची आई, डेनिस, खुर्चीत बसली होती. सोमवारपासून तिने काळा चष्मा काढला नव्हता. पोरीआधी आईच नटी झाली, असं लाइटवाले म्हणत. त्याच सोमवारी सकाळी ती हेस्टरच्या व्हॅनमध्ये दार लावून अर्धा तास बसली होती. पोस्टरवर मुलीचं नाव मोठं हवं असणार, असं बाहेर सगळ्यांनी ठरवून टाकलं.

ब्रायनी धावत आईकडे आली. कोटाचे खिसे शिंपल्यांनी भरले होते. तिचे वडील उत्तर समुद्रात तेल काढणाऱ्या रिगवर कामाला होते, शिंपले त्यांच्यासाठी.

"आई, बाबांना फोन लाव ना. मी सहा वेळा नापास झाले ते सांगते. खूप हसतील."

"तिथे लागत नाही गं फोन. शुक्रवारी बघू."

"तू कालपण हेच म्हणालीस."

"नाक पूस आधी. जा, तुझ्या खुणेवर उभी राहा."

मुलगी गेल्यावर डेनिस हेस्टरकडे न बघता म्हणाली, "आपलं शुक्रवारपर्यंत ठरलंय."

"लक्षात आहे."

"शुक्रवारी सगळं संपेल ना?"

"शूटिंग संपेल," हेस्टर म्हणाली.

चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. होडीवाल्याने लांबून हात हलवला. त्याला भरती गाठायची होती. आता एकच टेक.

हेस्टर उठली आणि धक्क्यावर चालत गेली. ती ब्रायनीसमोर उकिडवी बसली. कोणाला काही ऐकू येत नव्हतं. ती अर्धा मिनिट बोलली असेल. मुलीने एक प्रश्न विचारला. हेस्टरने मान हलवली. मुलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला असावा, कारण हेस्टरने पुन्हा तशीच मान हलवली. मग तिने मुलीचे खांदे धरून तिला समुद्राकडे वळवलं आणि मागे आली.

"चालू करा," ती म्हणाली.

होडी निघाली. ब्रायनी तिच्याकडे बघत राहिली. आधी काहीच झालं नाही. मग तोंड थोडं उघडलं, आणि चेहरा आतून कोणीतरी सोडून दिल्यासारखा खाली आला. गॉर्डनने टोपी काढली. मेकअपवालीने पाठ फिरवली. हेस्टरचा ठेवलेला चहा गार झाला होता. तिने तो पिऊन टाकला.

"कट."

कोणीतरी टाळी वाजवली आणि थांबलं. ब्रायनी जागची हलली नाही. गॉर्डनने तिला दोनदा हाक मारली, तरी वळली नाही.

डेनिस ब्लँकेट घेऊन आली आणि मॉनिटरच्या पडद्याशी थबकली. "झालं एकदाचं," ती म्हणाली. "मोडलासच ना नियम? काय थाप मारलीस गं?"

"थाप नाही," हेस्टर म्हणाली. "रविवारी तिचे बाबा वारले, एवढंच सांगितलं."