दोघींचं औषध

"काय दिलंत हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही," मी आणि सासूबाई एकदमच म्हणालो.

मांडीवर माझी दहा महिन्यांची लेक. सर्दी सोडली तर सकाळी ठणठणीत होती. दुपारपासून डोळेच उघडत नव्हती. डॉक्टरांनी तळपायाला टिचकी मारली, तर पाय नुसता हलला.

"खरं सांगा. घाबरू नका."

मी पर्समधून सर्दीच्या औषधाची बाटली काढली. मेडिकलमधून आणून सासूबाईंच्या नकळत पाजलं होतं. बाटलीतलं नको, हे त्यांचं म्हणणं. अंदाजानं उगाळलेलं नको, हे माझं.

बाटलीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "मी सहाणेवर जायफळ उगाळून चाटवलं. तुला आवडत नाही, म्हणून बोलले नाही."

"दोन्हींनी गुंगीच येते," डॉक्टर म्हणाले. "इथेच थांबा, लक्ष ठेवू. नीट जागी होऊन रडली की घरी न्या."

एरवी तिचं रडणं सासूबाईंना क्षणभरही सोसवत नाही. संध्याकाळी तिनं एकदाचा टाहो फोडला. मी घाईनं थोपटायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"रडू दे गं जरा."