खांबाशेजारची जागा

आंध्रातल्या बोरा गुहेत चुनखडीचा एक पांढरा खांब आहे. वसईहून सहल नेली की त्या खांबापाशी मी प्रत्येकाचा फोटो काढायचो. अठ्ठ्याहत्तर साली गिरीजच्या प्रेमलावहिनी एकट्याच आल्या होत्या. त्या खांबाच्या पार उजव्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, मध्ये या. अर्धा फोटो रिकामा जातोय."

"जाऊ दे. असाच काढा."

"अहो, फिल्म काय फुकट येते?" मी वैतागलो. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी तसाच काढला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तुळशीदासभाऊंना का नाही आणलंत?"

"पानवेलीला रोज पाणी लागतं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एकदम वाडी सोडून कुठं गेलोच नाही. एकानं जायचं, तर दुसऱ्यानं राहायचं."

पुढच्या वर्षी तुळशीदासभाऊ सहलीला आले. अर्थात एकटेच. गुहेत शिरल्यावर बाकीची मंडळी माना वर करून छत बघत होती. भाऊ मात्र खिशातून वहिनींचा फोटो काढून खांब शोधत होते. तो सापडला तसे ते त्याच्या डाव्या कडेला जाऊन उभे राहिले.

"असाच काढा," ते म्हणाले.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. उजवीकडची सगळी जागा रिकामी होती.

"भाऊ," मी म्हणालो, "जरा वहिनींच्या जवळ सरका."