माल तपासून घेतला

"फोडून बघा," जयवंतराव म्हणाले. "शंका आहे ने? मग फोडून बघा."

पाणीगेटजवळच्या त्यांच्या गोदामात धैर्यशीलने टेंपोतून परत आणलेले तावदान भिंतीला टेकून उभे होते. धैर्यशील काचा बसवणारा कारागीर. दांडिया बाजारातल्या एका बालमंदिराच्या दुसऱ्या मजल्यावरील सज्जाला काचेचा कठडा करून देण्याचे काम त्याने घेतले होते. त्यासाठी जयवंतरावांकडून टफन काच आणली होती. टफन काच अंगाचा भार पेलते आणि फुटलीच तर तिचे खडीसाखरेसारखे बोथट दाणे होतात. साध्या काचेच्या सुऱ्या होतात. आदल्या दिवशी बसवताना एक तावदान निसटले होते, आणि त्याच्या सुऱ्या झाल्या होत्या. त्यांतली एक धैर्यशीलच्या तळहातात शिरली होती.

पट्टी बांधलेल्या हाताने त्याने हातोडी उचलली. काच लांब, निमुळत्या, चकाकत्या पात्यांनी जमिनीवर आली. कोपऱ्यातला 'टफन' हा शिक्का तेवढा शाबूत राहिला.

"बघितलंत?"

"बघितलं. ही साधी निघाली," जयवंतराव शांतपणे म्हणाले. "बाकीच्या?"

"त्याच खेपेतल्या आहेत."

"मग त्याही फोडून बघा."

जयवंतराव सुसंस्कृत गृहस्थ होते. त्यांचे पणजोबा संस्थानच्या कारभारात नियम लिहीत असत, आणि शब्द तोलून वापरण्याची ती परंपरा घराण्याने काचेच्या व्यापारातही सोडली नव्हती. प्रत्येक कारागिराला ज्यावर सही करावी लागे, तो खरेदीचा करार त्यांची वकील कन्या मृदुला हिने रचला होता. रचला हाच शब्द योग्य. तिसरे कलम म्हणत होते की खरेदीदाराने माल आपल्या समाधानाप्रमाणे तपासून घेतला आहे. पाचवे म्हणत होते की फुटलेला, कापलेला वा भोक पाडलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही. टफन काच खरी की खोटी, हे कारागिराला ती फोडल्यावाचून कळत नाही. पण करारात हे वाक्य घालायची गरज मृदुलाला वाटली नव्हती. ते वास्तवानेच पुरवले होते. गोदामाचा रिवाजही कराराला साजेसा होता. टेंपोचे दोर सुटण्याआधी सही घेतली जाई, कारण गाडी रस्त्यात उभी असे आणि मागून भोंगे वाजत. धैर्यशीलने इतर सगळ्यांसारखीच बॉनेटवर कागद ठेवून सही केली होती.

"तिथे पोरं असतात, जयवंतराव," तो म्हणाला. "तीन-तीन वर्षांची. सकाळी त्या काचेला अंग टेकून खाली आईला टाटा करतात."

"मग बसवू नका ने. तुम्हाला ती बसवायलाच पाहिजे, असं करारात कुठे आहे?"

"दुसरी घ्यायची माझी ऐपत नाही. बदलून द्या."

जयवंतरावांनी मुलीकडे पाहिले. मृदुलाने चष्मा लावला. "एका तावदानावरून बाकीच्यांबद्दल अनुमान काढता येत नाही, धैर्यशीलभाऊ. प्रत्येक तावदान हा स्वतंत्र माल आहे. सातवं कलम. दोष प्रत्येकाचा वेगळा सिद्ध करावा लागेल."

"म्हणजे प्रत्येक फोडून?"

"तो तुमचा अधिकार आहे," ती म्हणाली. "आम्ही अडवणार नाही."

"आणि फोडल्यावर?"

"पाचवं कलम."

"चहा घ्या ने," जयवंतराव म्हणाले. त्यांच्या सौजन्यात खोट नव्हती. खोट फक्त मालात होती.

धैर्यशीलने करार मागितला. गोदामातल्या खुर्चीवर बसून, बोट ठेवून, त्याने तो प्रथमच संपूर्ण वाचला, आणि मग पुन्हा वाचला. चहावर साय धरली. तो ओरडेल, अशी मृदुलाची अपेक्षा होती. ओरडणाऱ्यांची तिला सवय होती. वाचणारा तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"मृदुलाताई," तो अखेर म्हणाला, "याची कोरी प्रत मिळेल?"

कोणत्याही लेखकाला होईल तसा तिला आनंद झाला. तिने कपाटातून प्रत काढून दिली. "नावं बदलली की कुणालाही चालतो," ती म्हणाली. "फक्त माल ताब्यात देण्याआधी सही घ्या. नंतर लोक फार विचार करतात."

दोन दिवसांनी सकाळी सज्जाचा कठडा पुरा झाला होता. काचेवर खालच्या अंगाला ओल्या तळव्यांचे ठसे उमटले होते. धैर्यशीलने गुडघे टेकून ते फडक्याने पुसले. मुले त्याच्या पाठीवर रेलून खाली रस्त्याकडे हात हलवीत होती.

निरुपमाबाई बाहेर आल्या. बालमंदिर त्यांचे होते. धैर्यशीलने पुढे केलेला कागद पाहून त्यांनी भुवया उंचावल्या.

"हे काय नवीन? आपल्यात कधी कागद लागला होता का? तू याच सज्जात पाटी घेऊन बसायचास रे, धैर्या!"

"आता अशीच पद्धत आहे, बाई. इथे सही करा. काम तपासून घेतलं, म्हणून."

"मला काय कळतंय काचेतलं?" त्यांनी पेन उघडले. मग सज्जाकडे पाहत सहज विचारले, "पक्की आहे ना?"

धैर्यशीलने फडक्याची घडी घातली.

"फोडून बघा," तो म्हणाला.

लहानपणापासूनच पोरगा विनोदी, असे म्हणत निरुपमाबाई खळखळून हसल्या, आणि त्यांनी सही केली.