तापलेला कंगवा

उद्या ईस्टर. अर्लीनचे हात आता थरथरायचे, म्हणून गॅसवर तापवलेल्या लोखंडी कंगव्याने आपले दाट कुरळे केस सरळ करून द्यायला तिने मुलीला, जोनेलला बोलावलं होतं.

"आणि तू हे झुडूप घेऊनच चर्चला येणार? गोऱ्यांचं सोड, आपल्याच काळ्या बायका नावं ठेवतील." जोनेलच्या मोकळ्या, कुरळ्या केसांकडे बघत अर्लीन म्हणाली.

"ठेवू देत. लहानपणी किती वेळा भाजलंस मला, आठवतंय?"

"कान मुडपून धर म्हणून ओरडायचे मी. तूच हलायचीस."

जोनेलने खटकन गॅस बंद केला. "मी कुणाला भाजणार नाही. तेल लावून वेण्या घालते, हव्या तर."

अर्लीन फणफणत पाठमोरी बसली. जोनेलची तेलाची बोटं केसांना टेकायच्या आतच सत्तरीच्या अर्लीनने डोळे घट्ट मिटले आणि कान मुडपून धरला.