खांबामागचा डबा

“अजून एक जोडपं हात हलवत परत गेलं, भावोजी.” मेहुणीने दुकानाच्या पायरीवरूनच मोबाइल पुढे केला. “डबा लपवलाय की भिंतीत चिणलाय?”

शिंप्याने मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर सरकवला. “किती वेळ शोधलं म्हणतात?”

“पाऊण तास. बाई गुडघे टेकून शोधत होती. नवरा कंटाळला म्हणून निघाले.”

“पाऊण तास,” तो म्हणाला आणि पुन्हा पायडल मारू लागला.

हा खेळ दोघी बहिणींचा, शिंप्याच्या बायकोचा आणि मेहुणीचा. कुणीतरी कुठेतरी डबा लपवायचा, त्या जागेचा ठावठिकाणा मोबाइलवर टाकायचा, आणि अनोळखी माणसांनी तो शोधून काढायचा. आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, डबा जागच्या जागी ठेवायचा. सुट्टीच्या दिवशी दोघी गावभर फिरायच्या. शिंपी पाण्याची बाटली धरून मागे. इतकी वर्षं दुसऱ्यांचे डबे शोधल्यावर बायकोने मनावर घेतलं, की आता आपला स्वतःचा एक लपवायचा. जागा तिनेच हेरली. कालव्यावरचा पायी जायचा पूल, त्याच्या टोकाचा लोखंडी खांब, खांबामागची खाच. घट्ट झाकणाचा डबा आणला. दुकानातली उरलीसुरली बटणं धुऊन त्यात भरली. ज्याला सापडेल त्याने एक बटण घ्यावं. मग तिचं दुखणं निघालं आणि डबा राहूनच गेला.

ती गेल्यावर शिंपी दुकानात यायचा, शिवायचा, घरी जायचा. गिऱ्हाइकाशी मापापुरतं बोलायचा. एक दिवस आपणहून म्हणाला, “तिचा डबा मी ठेवतो.” मेहुणीला वाटलं, चला, माणूस जरा हलला. तिने सगळं करून दिलं. खांबापाशी उभं राहून जागेची नोंद घेतली. शोधणाऱ्यांना मदत म्हणून एखादी खूण द्यायची असते. काय लिहू विचारलं, तर तो म्हणाला, “लिही, घाई करू नका.”

“ही कसली खूण?”

“लिही तू.”

डबा मात्र मी एकटा जाऊन ठेवणार, म्हणाला. तिने हट्ट केला नाही.

“खेळ चालवणाऱ्यांचा निरोप आलाय,” ती आता म्हणाली. “डबा जागेवर आहे का ते आज बघून कळवा, नाहीतर उद्या ते आपल्या डब्याचं मोबाइलवरचं पान काढून टाकणार. ताईचा पहिलाच डबा, आणि एकालाही सापडू नये? उठा.”

“नीट लपवलाय, म्हणून सापडत नाही.”

“तुम्ही? अहो, तुम्ही लावलेला चोरखिसासुद्धा चार हातांवरून दिसतो.”

पूर्वी यावर तो हसला असता. त्याने गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली.

पुलापाशी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने हात वर केला. “आज उशीर, मास्तर?”

मेहुणीने वळून भावोजींकडे बघितलं. ते खांबाकडे गेलेच नाहीत. समोरच्या बाकावर जाऊन बसले, नेहमीची जागा असावी तसे.

पुलावर दोन मुली कठड्याखाली वाकून बघत होत्या. “इथेच असायला हवा गं,” एक म्हणाली. दुसरी म्हणाली, “तू मगाशीही हेच म्हणालीस.” मेहुणी त्यांच्या शेजारून खांबामागे गेली. खाचेत कोपरापर्यंत हात घातला. गंज आणि वाळका पाला. ती परत आली.

“कुणीतरी उचलून नेला, भावोजी,” ती हळूच म्हणाली.

“नाही नेला. घरी आहे.”

“घरी?”

“ठेवलाच नाही मी.”

तिला क्षणभर कळेना. मग ती भडकली. “आणि ही माणसं? उन्हातान्हात येतात, मातीत गुडघे टेकतात. ताईच्या खेळात लोकांची अशी थट्टा?” तिचा आवाज खाली आला. “बरं, असू दे. आत्ता जाऊन घेऊन येऊ. मी ठेवते. पान तरी वाचेल.”

“ठेवलास की सापडेल.”

“मग? सापडायलाच हवा ना!”

“सापडला की दोन मिनिटांत निघून जातील.”

“आणि नाही ठेवला, तर उद्यापासून कुणी येणारच नाही. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय,” तो म्हणाला.

मुली अजून शोधत होत्या. एकीने मोबाइल तोंडात धरला आणि दोन्ही हातांनी खांबामागची खाच चाचपली. शिंपी तिच्या हातांकडे बघत होता.

“घरी तिला मी एकटाच शोधतो गं,” तो म्हणाला. “इथे सोबत असते.”